लवूच्या हाकेला ओ

लवूच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. सोळाव्या वर्षी शिडाचा दोर ओढताना ती कप्पीत गेली आणि तिथेच राहिली. गावातली पोरं चिडवायची, तेव्हा तो तोच हात त्यांच्या नाकासमोर नाचवायचा आणि म्हणायचा, "माशाचं काटं काढाया चार बोटां लय झाली रं!" अंगाने तो किरकोळ होता. पण आवाज देवाने दोन माणसांचा दिला होता. आमच्या आडवेळच्या खाडीवर उभं राहून त्याने हाक मारली, तर पलीकडच्या गावातली म्हातारी तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात यायची. शिमग्याला पालखी निघाली की घरोघर हाक घालायचं काम लवूचंच.

मी नवलाईच्या देवळाचा गुरव. मला सगळे आप्पा म्हणतात. लवूबद्दल सांगायला गावात दुसरं कुणी तयार होणार नाही, म्हणून मी सांगतो. मला सांगायची फार हौस आहे असं समजू नका. आणि ऐकून झाल्यावर मला शिव्या द्याव्याशा वाटल्या तर खुशाल द्या, मी त्या रोज स्वतःला देतोच.

आडवेळ म्हणजे रत्नागिरीच्या बंदरापासून होडीने तासाभराची वाट. खाडीच्या तोंडाशी चाळीस-पन्नास घरं, माड, आणि वर कातळावर देऊळ. पुरुष सगळे दर्यावर. गावात गलबत एकच, महिपत तांडेलाचं. महिपत म्हणजे गावाचा कणा. कुणाच्या घरी लग्न असो की भांडण, शेवटचा शब्द त्याचा. लवू त्याच्या गलबतावर खलाशी होता. आईबाप लहानपणीच गेलेले. घरी बायको गोदा, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. संध्याकाळी गलबत खाडीत शिरलं की लवू पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून "गोदेऽऽ" अशी हाक द्यायचा आणि सगळा गाव हसायचा. गोदा लाजून घरात पळायची, पण चुलीवर भात तेव्हाच ठेवायची.

सव्वीस सालची गोष्ट. मार्गशीर्ष लागला होता. देवीची जुनी घंटा तडकली होती, म्हणून नवी घंटा आणायला मी मालवणला गेलो होतो. महिपतचं गलबत मंगळुराहून कौलं भरून रत्नागिरीला चाललं होतं, मला वाटेत घेणार असं ठरलं होतं. मी घंटा पोत्यात गुंडाळून चढलो. गलबतावर आम्ही सहाजण: महिपत, सुकाणावर रघू, लवू, आणखी दोन खलाशी आणि मी. रघू म्हणजे लवूचा लहानपणापासूनचा सोबती. दोघे एका ताटात जेवायचे.

पूर्णगड मागे पडला आणि सूर्य बुडाला. पश्चिमेला अजून थोडा तांबूसपणा होता. शिडाचा एक दोर वर अडकला म्हणून तो सोडवायला लवू बांबू घेऊन चढला. वाऱ्याने दिशा बदलली, शिडाचा आडवा वासा गर्रकन फिरला आणि लवूच्या पाठीत बसला. तो पाण्यात पडला. त्याच्या हातातला बांबूही पडला. हे सगळं एका श्वासात झालं.

महिपतबद्दल खोटं बोलणार नाही. तो पहिल्याच क्षणी ओरडला, "सुकान फिरव! रघू, फिरव!" रघूने सुकाण दाबलं. कौलांनी भरलेलं जड गलबत ते, बैलासारखं कुरकुरत वळायला लागलं. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर लवूला आम्ही वर ओढला असता, चार शिव्या दिल्या असत्या, आणि ही गोष्ट शिमग्याला सांगायची गंमत झाली असती.

तेवढ्यात कौलं हिरवी झाली.

मला आधी तेच दिसलं. माझ्या पायाशी रचलेली लाल कौलं आधी हिरवी झाली, मग पांढरीफेक. डोलकाठीची सावली गलबतावरून धावत सुटली. मी वर पाहिलं. नैर्ऋत्येकडून आगीचा एक गोळा येत होता, पाणी तापवायच्या हंड्याएवढा, मागे लांब शेपूट, आणि शेपटातून ठिणग्या गळत होत्या. आवाज अजिबात नव्हता. एवढी मोठी आग, आणि चूल फुंकल्याएवढाही आवाज नाही. दर्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दुपारसारखा उजळला. प्रत्येक लाट मोजता आली असती.

आणि त्या उजेडात मला लवू दिसला.

चाळीस-पन्नास हातांवर असेल. बांबू काखेत धरलेला, तोंड उघडं, केस कपाळाला चिकटलेले. डावा हात वर केलेला. त्या हाताला चार बोटं होती. हे मी एकट्याने पाहिलं नाही. सहातला एक पाण्यात होता, उरलेल्या पाचांनी पाहिलं.

गोळा लवूच्या डोक्यावरून गेला आणि त्याच बाजूला, दूर पाण्याच्या रेघेवर फुटून विझला. मग असा काळोख झाला की स्वतःचा हात दिसेना. डोळ्यांपुढे नुसती हिरवी वर्तुळं. मिनिट-दीड मिनिट गेलं असेल, आणि मग तो आवाज आला. डोंगरात एकामागून एक सुरुंग उडावेत तसा. गलबत थरथरलं. कौलं एकमेकांवर खडखडली. पलीकडचा एक खलाशी रडायला लागला.

महिपत अंधारातून म्हणाला, "आप्पा, काय हुतं त्ये?"

तुम्ही म्हणाल, मला माहीत नाही असं सांगायचं. बरोबर आहे. पण मी गुरव. माझ्या बापाला, आज्याला कधी कुणी विचारलं आणि माहीत नाही असं त्यांनी सांगितलं, असं झालेलं नाही. आणि माझी तर बोबडी वळली होती. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचं तेच बाहेर पडतं. तारा तुटला की कुणाचा तरी जीव गेला, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. मी म्हणालो, "ज्योत पडली. जीव गेला."

"कुनाचा?"

"त्याच्याच बाजूला पडली ना?" मी म्हणालो. "गेला तो. दर्याने घेतला."

आणि तेव्हाच पाण्यातून हाक आली. "महिपतदादाऽऽ!"

आता गिऱ्हा म्हणजे काय ते सांगायला हवं. पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत म्हणजे गिऱ्हा. तो ओळखीच्या आवाजात तुमचं नाव घेऊन हाक मारतो. तुम्ही ओ दिलीत की तो तुम्हाला पाण्यात ओढून नेतो. म्हणून अंधार पडल्यावर पाण्यातून हाक आली तर आमच्याकडे कुणी ओ देत नाही. अमुक एक वेळा हाक आली तर द्यावी, अशी सवलतही त्यात नाही.

"ओ देऊ नका," मी म्हणालो. "कुणी ओ देऊ नका!"

तो एकेकाला नावाने हाक मारत होता. महिपतला. दोन्ही खलाशांना. "रघूऽऽ! अरं रघूऽऽ!" रघूचा हात सुकाणावर वळला, ते मी ऐकलं, लाकूड करकरलं. महिपतने त्याचं मनगट धरलं. अंधारात मला दिसलं नाही, पण रघूच्या मनगटावर महिपतच्या नखांचे व्रण महिनाभर होते. मग माझं नाव आलं. "आप्पाऽऽ! आप्पा, मी हाय!"

मी पोतं फाडलं आणि देवीची घंटा बाहेर काढली. दोन्ही हातांत धरून ती बडवत सुटलो. ती हाक ऐकू येऊ नये म्हणून. गलबत वाऱ्यावर पुढे निघालं आणि मी घंटा वाजवत राहिलो. हात भरून आले तरी थांबलो नाही. थांबलो तेव्हा जयगडचा दिवा समोर दिसत होता आणि रत्नागिरी कधीच मागे पडली होती. महिपत बंदरात शिरायचंच विसरला होता.

गावात आल्यावर आम्ही पाचजणांनी एकच सांगितलं. आकाशातून ज्योत पडली, लवू गेला. ज्योत किनाऱ्यावरच्यांनीही पाहिली होती, कोंबडी खुराड्यातून बाहेर आली होती म्हणे. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. दर्यावर हरवलेल्याची बारा वर्षं वाट पाहायची रीत आहे. पण पाच जणांनी डोळ्यांनी पाहिलेलं मरण, त्याची कसली वाट पाहायची? महिपतने घाई केली. पळसाच्या पानांचा पुतळा करून तो जाळला, तेरावा घातला. गोदाचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

चाळिसाव्या दिवशी भर दुपारी लवू चालत आला.

रात्रभर बांबू धरून तो तरंगला होता. पहाटे दालदी मच्छीमारांच्या एका पडावाने त्याला उचललं. ते कारवारला चालले होते, त्याच्यासाठी मागे कसे फिरणार? तिथे त्याला ताप भरला. ताप उतरल्यावर तो पायी निघाला, आणि हातखंब्याच्या बाजूने खाली उतरून आपल्या गावात आला. बापड्याला वाटलं, गावात आनंद होईल. त्याने वेशीवरूनच हाक घातली, "गोदेऽऽ!"

बायकांनी दारं लावली. एकीने अंगणातलं पोर उचललं आणि किंचाळत आत पळाली. गोदा मात्र धावत बाहेर आली, रिकाम्या हातांनी, रिकाम्या कपाळाने. चार बायांनी तिला धरून मागे ओढली. लवू तिच्या कपाळाकडे बघत उभा राहिला. मग त्याला समजलं.

यावर उपाय नव्हता असं नाही. क्रिया झालेला माणूस जिवंत परतला तर त्याला पुन्हा जन्माला घालतात. रत्नागिरीच्या भटजींनी मला स्वतः सांगितलं: तुपाने न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. एका दिवसाचं काम. पण त्याआधी तो माणूसच आहे हे गावाने मानायला हवं. आणि गाव म्हणालं, देवीला कौल लावू.

कौलाच्या आदल्या संध्याकाळी महिपत माझ्याकडे आला. ओटीवर बसला, तंबाखू मळली. तो माणूस आहे असं ठरलं, तर जिवंत माणूस हाका मारत असताना आम्ही त्याला दर्यात टाकून आलो असं ठरणार. मग फौजदार येवो न येवो, महिपतच्या गलबतावर पुन्हा कोण पाय ठेवणार? यातलं तो काहीच बोलला नाही. उठताना एवढंच म्हणाला, "आप्पा, ज्योत पडली म्हंजे जीव गेला, ह्ये सांगितलाव तुमीच."

आमचा कौल असा असतो. पाण्यात भिजवलेली फुलाची एक कळी देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची आणि एक डाव्या. उजवी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. सकाळी सगळा गाव जमला. लवूला पायऱ्यांखाली उभा केला होता. मी गाऱ्हाणं घातलं: "आई, हा लवू असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे." डावी कळी मी नुसत्या पाण्याने लावली. उजव्या कळीखाली अंगठ्याने चंदनाचं गंध दाबलं, दाट उगाळलेलं. आज्याने मला ते शिकवलं नव्हतं. हात आपोआप शिकले.

डावी कळी लगेच पडली. उजवी संध्याकाळपर्यंत तशीच होती. मीच शेवटी ती नखाने काढली.

लवू ओरडला नाही. पायऱ्यांखालून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळू म्हणाला, "आप्पा, त्या दिवशी घंटा वाजवलीत ना, मना वाटला माज्यासाठनंच वाजवताव. अंधारात काय दिसत नव्हता. मी घंटेच्या रोखानं पवत हुतो." मग म्हणाला, "लय येळ पवलो."

ती घंटा अजून देवळात टांगलेली आहे. रोज दोन वेळा मीच ती वाजवतो.

त्यानंतर नऊ वर्षं लवू आमच्यात मेलेला माणूस म्हणून जगला. खाडीच्या तोंडाशी झावळ्यांचं खोपटं बांधून राहिला. कालवं फोडायचा, कुर्ल्या धरायचा, पलीकडच्या गावात नेऊन विकायचा. तिकडे तो लवू होता. लोक त्याला चहा द्यायचे, तब्येत विचारायचे. पाण्याची एक पट्टी ओलांडून इकडे आला की तो कुणीच नव्हता. आम्ही त्याचं नाव घेत नसू, 'तो' म्हणत असू. पोरं दगड मारायची आणि आम्ही पोरांना आवरत नव्हतो. गिऱ्ह्यालाही नेमकी तीच करंगळी कशी नाही, असं एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

तो एकच करायचा. रोज दिवेलागणीला खडकावर उभा राहायचा आणि त्या दिवशीसारख्या हाका मारायचा. त्याच क्रमाने. महिपतदादा, ते दोघे खलाशी, रघू, आप्पा, आणि आता सगळ्यांत शेवटी गोदाही. त्याचा तो दोन माणसांचा आवाज माडांतून घरोघर शिरायचा. गावात धडाधड दारं लागायची. नव्या सुनांना पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं: हाक आली की दार लावायचं, ओ द्यायची नाही.

एकदा ओहोटीच्या वेळी तो मला एकटा भेटला. मी मान खाली घालून चाललो होतो. तोच म्हणाला, "आप्पा, मी जाईन हितनं. कायमचा जाईन. कुनीतरी येकदा ओ द्या, मंग जाईन." घर नको, शेत नको, बायकोसुद्धा नको, एकदा ओ द्या. एवढंच मागत होता. मी त्याला वळसा घालून निघून गेलो.

तिसऱ्या वर्षी गोदाने रघूशी पाट लावला. एकटी बाई किती वर्षं दुसऱ्यांची भाताची लावणी करून जगणार? रघू वाईट माणूस नव्हता. गावात वाईट म्हणावा असा कुणीच नव्हता, याचाच मला जास्त राग येतो. पाट लागला त्या संध्याकाळी लवूच्या हाका माझ्या नावाशी थांबल्या. दुसऱ्या दिवशी गोदा देवळात आली, मान वर न करता म्हणाली, "आप्पा, काल माजा नाव न्हाय घेतलान." आणि निघून गेली. त्यानंतर त्याने तिला कधीच हाक मारली नाही.

मधल्या काळात रत्नागिरीच्या एका मास्तराने मला सांगितलं, आकाशातून पडतो तो दगड असतो, पडताना घासून जळतो. त्याचा कुणाच्या जिवाशी काही संबंध नसतो. मी त्याला म्हटलं, असेल. घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही.

पस्तीस सालच्या भाद्रपदात महिपत पलीकडच्या गावात गेला होता. सत्तरीला टेकला होता, पण छोटी होडी स्वतःच वल्हवायचा, कुणाचं ऐकायचा नाही. दिवेलागणीला परत निघाला. ओहोटीची ओढ जबरदस्त होती. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली.

मी देवळात वात लावत होतो. हाक आली, "रघूऽऽ! आरं रघूऽऽ!" मग "आप्पाऽऽ!" खाली गावात धडाधड दारं लागली. रोजची वेळ, रोजची नावं. नऊ वर्षांची सवय ती. पण माझा हात वातीवरच राहिला. आवाज घोगरा होता, म्हातारा होता. आणि पहिलं नाव महिपतचं नव्हतं. तो स्वतःला कशी हाक मारणार?

मी ओळखलं. देवळाच्या दारापर्यंत गेलो. चाळीस पायऱ्या उतरलो असतो, चार दारं ठोठावली असती, तर होड्या निघाल्या असत्या. माझे पाय उंबऱ्यावर थांबले. ओ दिली आणि तो गिऱ्हा निघाला तर? माझ्याच तोंडाने पसरवलेली भीती माझ्याच पायांत येऊन बसली होती. मग महिपतने शेवटचं नाव घेतलं. फाटक्या आवाजात, नऊ वर्षांत गावात पहिल्यांदा. "लवूऽऽ!"

आणि खडकावरून तो आवाज आला, दोन माणसांचा. "ओऽऽ! आलो, दादा!" पाण्यात उडी पडल्याचं मी ऐकलं. मी आत आलो आणि देवळाचं दार लावून घेतलं.

सकाळी खडकावर महिपत मेलेला सापडला. लवूने त्याला ओढून वर आणला होता. डोक्याखाली झावळी ठेवली होती, अंगावर स्वतःची घोंगडी घातली होती, तोंडावरची वाळू पुसली होती. शेजारी लवू बसला होता. कालवांच्या खडकावर घासून त्याचे गुडघे, कोपर सोलून निघाले होते. थंडीने दात वाजत होते. ते बघून आंधळ्यालाही कळलं असतं की हा रात्रभर मढ्याला जागवत बसला आहे.

गाव म्हणालं, गिऱ्ह्याने तांडेलाला नेला.

माणसं काठ्या, बांबू घेऊन आली. पत्र्याचे डबे, थाळ्या घेऊन बाया आल्या. रघूने मला विचारलं, "आप्पा, काल देवळातनं काय ऐकलाव काय?" सगळे माझ्याकडे बघत होते. लवूही बघत होता. तो म्हणाला, "आप्पा, तुमी ऐकलाव. मी त्याला ओ दिली."

दोन शब्द बोलायचे होते. 'हो, ऐकलं.' एवढे बोललो असतो तर ते कसं ऐकलं, मग मी काय केलं, कौल कसा पडला, घंटा का वाजवली, सगळंच बाहेर आलं असतं. मी म्हणालो, "रोजच्यासारखीच हाक होती." मग देवळातून आणलेल्या ताटातले तांदूळ घेऊन त्याच्या अंगावर टाकले आणि म्हणालो, "आलास तिथं जा."

बांबूंनी ढकलत ढकलत त्यांनी त्याला पाण्यात नेला. ओहोटी लागलेली होती. तो उलटा, आमच्याकडे तोंड करून मागे मागे जात होता. कमरेएवढ्या पाण्यात त्याने एकदा बांबू धरून ठेवला. तो धरलेल्या हाताला चार बोटं होती. समोरून हिसका बसला आणि हात सुटला. रात्रभर त्या पाण्यात झुंजलेला माणूस, त्याच्यात पोहायचं बळ कुठलं? ओढीने त्याला उचलला. देवळात कुणीतरी घंटा बडवत होतं. या वेळी त्याने कुणाला हाक मारली नाही.

तेवढ्यात गर्दीतून गोदा पुढे आली. गुडघ्याएवढ्या पाण्यात गेली. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. नवरा जवळ असो, लांब असो, ती त्याला एकाच तऱ्हेने हाक मारते. रघू तिच्या मागे तीन हातांवर उभा होता. आणि गोदाने हाक मारली, "अवोऽऽ! अवो, फिरा मागं!"

लवू खाडीच्या तोंडापर्यंत गेला होता. त्याने मान वळवली. "ओऽऽ!" तो म्हणाला. तो आवाज पलीकडच्या गावातही ऐकू गेला असेल. मग लाट फुटली आणि त्यामागे डोकं दिसलं नाही.

किनाऱ्यावरच्या थाळ्या थांबल्या. वर घंटा मात्र वाजतच होती, वाजवणाऱ्याला खालचं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाने अंगणातल्या दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या आणि कुंकू पुसलं. रघू ओटीवर जिवंत बसला होता. त्याने तिला अडवलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलं आणि खाली बघून ते आपल्या कामाला गेले. या वेळी कौल लावायला मला कुणी सांगितलं नाही.